शाळा उघडी, शाळेपर्यंतची वाट बंद

रानजाई
मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी, आज सकाळी जे झालं ते लिहून काढल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

आम्ही बॉस्टनला खेटून असलेल्या एका लहान शहरात राहतो. नाव मुद्दाम देत नाही, कारण हे आमच्याच शहरात होतं असं मला वाटत नाही. रविवारी संध्याकाळी सुरू झालेला बर्फ सोमवारी दुपारी थांबला. अंगणातल्या टेबलावर लेकीने शाळेची पट्टी उभी धरून मोजला, ११ इंच. सोमवारी शाळा बंद होती, ते योग्यच होतं. रात्री साडेसातला फोन, मेसेज, ईमेल सगळं आलं: मंगळवारी शाळा नेहमीच्या वेळेला.

लेक दुसरीत आहे, धाकटा दोन वर्षांचा. शाळा पाऊण मैलावर. आमच्याकडे एक मैलाच्या आत राहणाऱ्यांना शाळेची बस नाही, आणि नवरा साडेपाचलाच गाडी घेऊन कामावर जातो. त्यामुळे एक हात बाबागाडीवर, एक हात लेकीच्या हातात, असं आमचं रोजचं चालणं असतं.

पहिली चार घरं लख्ख होती. तिसऱ्या घरातल्या आजींनी तर मीठही पसरलं होतं. पाचवं घर भाड्याने दिलेलं, मालक दुसरीकडे राहतो. तिथे गुडघाभर बर्फ आणि मधून लोकांनी तुडवून तुडवून केलेली एका पावलाच्या रुंदीची घळ. रात्रीच्या थंडीने तिची काच झालेली. बाबागाडीची चाकं त्या घळीत मावेनात, म्हणून मी गाडी उलटी करून ओढत नेली.

खरा प्रश्न कोपऱ्यावर आला. प्लाऊने, म्हणजे बर्फ लोटणाऱ्या गाडीने, रस्ता साफ करताना कडेला लोटलेला बर्फ वरंब्यासारखा साचला होता, माझ्या कमरेइतका उंच आणि वरून टणक. लेक त्यावर चढली आणि तिचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. मी तिला काखेत धरून वर ओढली तर पाय बाहेर आला आणि बूट आतच राहिला. हातमोजे काढून मी बोटांनी उकरत बूट बाहेर काढला, आतला बर्फ खरवडला. मोजा भिजलेला होता. तो काढून माझी लोकरीची टोपी तिच्या पावलाला गुंडाळली आणि वर बूट चढवला. ती रडली नाही. एवढंच विचारलं, "आई, उशीर झाला का?"

त्यापुढे साइडवॉक, म्हणजे फूटपाथ, नव्हताच. रस्त्याच्या कडेने, गाड्यांच्या वाटेतून चालावं लागलं. मागून एक सिटी बस आली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही. त्याने बस थोडी तिरकी उभी केली, मागची सगळी रहदारी अडवली आणि आम्ही पुढच्या साफ पट्ट्यावर चढेपर्यंत तसाच थांबला. त्या माणसाचे आभारही मला मानता आले नाहीत.

शाळेत पोचलो तेव्हा वर्गात २३ पैकी १४ मुलं होती.

माझा प्रश्न हा आहे. शाळा उघडायची की नाही हे ठरवताना रस्ते बघतात, बस निघतील का ते बघतात, शाळेचं पार्किंग साफ झालं का ते बघतात. चालत येणाऱ्या मुलाची वाट कोण बघतं? तुमच्या गावांत काय पद्धत आहे? गुरुवारी आमच्याकडे शहराची बैठक आहे आणि मी बोलायचं ठरवलं आहे. तिथे काय मागावं, ते सांगा.

---

मोगरा
मंगळवार, रात्री १०:०५

वाचून अंगावर काटा आला. लेक बरी आहे ना? पाय कोमट पाण्यात ठेवा, गरम पाण्यात नको.

आमच्याकडे वुस्टरला बसस्टॉपची तीच गत. स्टॉपची पाटी बर्फाच्या ढिगात रोवल्यासारखी दिसते आणि लोक रस्त्यावर उभे राहून बसची वाट बघतात.

---

सदूकाका
मंगळवार, रात्री ११:२०

रानजाई, मी १९९३ पासून या भागात आहे. पण बर्फ म्हणजे काय ते मला २०१५ साली कळलं. त्या हिवाळ्यात बॉस्टनच्या लोगन विमानतळावर ११०.६ इंच बर्फाची नोंद झाली, म्हणजे नऊ फुटांहून जास्त. त्यातला ६४.८ इंच एकट्या फेब्रुवारीतला. जानेवारीच्या शेवटी एक वादळ झालं, मग जवळजवळ दर आठवड्याला एक. आधीचा बर्फ वितळायला फुरसतच मिळाली नाही. ढिगावर ढीग चढत गेले आणि शेवटी फावड्यातला बर्फ टाकायला डोक्याच्या वर जागा शोधावी लागायची.

९ फेब्रुवारीला संध्याकाळी सातला इथल्या सगळ्या लोकल आणि मेट्रो गाड्या थांबवल्या आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण दिवस बंद ठेवल्या. मी केंडल स्क्वेअरला होतो. तिथून पोर्टर स्क्वेअरच्या पुढपर्यंत चालत घरी गेलो, तीनेक मैल. साइडवॉक म्हणजे दोन्ही बाजूंना छातीइतक्या भिंती आणि मधे एका माणसापुरती गल्ली. समोरून कोणी आलं की एकाने भिंतीत पाठ रुतवून उभं राहायचं. एक बाई पोटुशी होती. तिच्यासाठी समोरून येणारे आठ-दहा जण मागे मागे सरकत थेट चौकापर्यंत गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सीपोर्ट भागात शहराने नेऊन टाकलेल्या बर्फाचा डोंगर त्या वर्षी १४ जुलैला संपला. जुलैला!

आता तुमच्या पाचव्या घराबद्दल. इथल्या जुन्या लोकांच्या मनात एक समजूत घट्ट बसली आहे: "बर्फाला हात लावू नका. हात लावलात आणि कोणी घसरलं तर तुम्ही अडकाल. नुसता पडू दिलात तर देवाची करणी." या समजुतीला आधार होता. मॅसॅच्युसेट्समध्ये शंभराहून जास्त वर्षं कायदा तसाच होता. आपोआप साचलेल्या बर्फावरून कोणी पडलं तर मालकाची जबाबदारी नाही. पण २०१० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो भेदच मोडीत काढला. बर्फ आपोआप साचलेला असो की कोणी लोटलेला, आपल्या जागेत येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी वाजवी काळजी घेणं हे मालकाचं काम आहे. इतकी वर्षं झाली, तरी आमच्या गल्लीत अजून जुनंच ज्ञान दिलं जातं. गुरुवारी हे जरूर सांगा.

खुद्द बॉस्टन शहराचा नियमही स्पष्ट आहे. बर्फ थांबल्यापासून ३ तासांत साइडवॉक साफ हवा. रात्री पडला असेल तर सूर्योदयापासून ३ तास. वाट किमान ४२ इंच रुंद, कोपऱ्यावर रस्त्यात उतरायला केलेल्या उतारासकट. काढलेला बर्फ रस्त्यात लोटायचा नाही. नाहीतर दंड.

---

नीलाक्षी
बुधवार, सकाळी ६:१०

मी याच भागातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत सहायक शिक्षिका आहे. रानजाईताई, तुमच्या लेकीचं वाचून वाईट वाटलं. तरी एक गोष्ट आमच्या बाजूने सांगते, कारण अशा चर्चा हळूहळू "मग शाळा बंदच ठेवा ना" इथे येऊन थांबतात.

शाळा बंद राहिली की माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण बुडतं. बॉस्टनच्या सरकारी शाळांत २०१३ पासून सगळ्या मुलांना दोन्ही वेळचं फुकट मिळतं. ते कशासाठी मिळतं ते आम्हाला वर्गात रोज दिसतं. सुट्टीनंतरच्या सकाळी एक मुलगा दप्तर न ठेवता थेट डब्याच्या रांगेत जातो. एका मुलीची आई हॉटेलात खोल्या आवरते. त्या दिवशी कामावर गेली नाही तर त्या दिवसाचे पैसे नाहीत, आणि गेली तर सात वर्षांची मुलगी घरी एकटी. मग ती मुलीला बरोबर नेते आणि चादरींच्या गाडीपाशी बसवून ठेवते. घरून काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना एक सुट्टी जड जात नाही. तिचं हातावर पोट आहे.

निर्णय कसा होतो तेही सांगते. सुपरिंटेंडंट, म्हणजे शहरातल्या सरकारी शाळांच्या प्रमुख, पहाटे साडेतीन-चारला उठलेल्या असतात. शहराच्या पब्लिक वर्क्सशी, म्हणजे रस्ते सांभाळणाऱ्या खात्याशी, बोलतात, बस कंत्राटदाराशी बोलतात, शेजारच्या गावांच्या सुपरिंटेंडंटशी बोलतात. साडेपाचच्या आत सांगावं लागतं, कारण पहिल्या बसचा ड्रायव्हर तेव्हा घराबाहेर पडतो. राज्याचा नियम १८० दिवसांचा. एक सुट्टी दिली की जूनमध्ये एक दिवस वाढतो. न्यूयॉर्कसारखं "आज घरून ऑनलाइन" इथे चालत नाही, तो दिवस धरलाच जात नाही. नुसत्या थंडीसाठीही सुट्टी द्यावी लागते कधीकधी. ३ फेब्रुवारी २०२३ ला बॉस्टनच्या शाळा थंडीमुळेच बंद होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे पारा उणे १० फॅरनहाइटला गेला. उघड्या कातडीला काही मिनिटांत इजा व्हावी असं ते वारं होतं आणि बसस्टॉपवर मुलं उभी राहणार होती.

म्हणून म्हणते, मागणी शाळा बंद करण्याची नको, वाट उघडण्याची हवी.

---

रानजाई
बुधवार, सकाळी ७:४५

नीलाक्षी, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. शाळा बंद ठेवा असं मी कधीच म्हणणार नाही. काल लेकीच्या वर्गात नसलेल्या नऊ मुलांपैकी तिघांची घरं मला माहीत आहेत. तिघंही चालत येणारी. शाळा त्यांच्यासाठी उघडली होती, पण पोचली नाही.

मोगरा, पाय ठीक आहे, धन्यवाद. आज नवऱ्याने उशिरा जायची परवानगी घेऊन गाडीने सोडलं.

---

क्वीन्सवासी
बुधवार, सकाळी ११:३०

न्यूयॉर्कचा नियम घड्याळावर चालतो. बर्फ सकाळी ७ ते संध्याकाळी ५ च्या दरम्यान थांबला तर ४ तासांत साफ करा. ५ ते ९ मधे थांबला तर १४ तास. रात्री ९ नंतर थांबला तर दुसऱ्या दिवशी सकाळी ११ पर्यंत. आता तुम्हीच बघा, शाळा आठ-सव्वाआठला भरते आणि साइडवॉक ११ पर्यंत साफ झाला तरी नियमात बसतो. रानजाईंच्या प्रश्नाचं मूळ मला इथे दिसतं. दोन नियम दोन वेगळ्या टेबलांवर लिहिले गेले, एकमेकांना विचारून नाही.

शाळेच्या निर्णयावरून इथे १३ फेब्रुवारी २०१४ ला केवढा गदारोळ झाला होता! वादळात शाळा चालू ठेवल्या, पालक महापौरांवर तुटून पडले. तेव्हाही उत्तर नीलाक्षी देतात तेच होतं, की कित्येक मुलांना शाळेतच गरम जेवण मिळतं. मी त्या दिवशी मुलाला घेऊन गेलो होतो आणि मनात चिडलो होतो. आज दोन्ही बाजू खऱ्या वाटतात.

एक चांगली गोष्ट: मोठा बर्फ पडला की इथलं सॅनिटेशन खातं रोजंदारीवर माणसं घेतं. ती फक्त बसस्टॉप, रस्ता ओलांडायच्या जागा आणि आगीच्या बंबाचे नळ मोकळे करतात. जिथे कोणाचंच घर नाही, अशा जागा. तुमच्या शहराकडे हे मागता येईल.

---

अनघा_व्ही
बुधवार, दुपारी २:१५

काकांनी ४२ इंच लिहिलं म्हणून लिहिते.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, व्हीलचेअर वापरतो. चांगले, कष्टाळू लोकसुद्धा घरासमोर एक फावडं रुंदीची वाट काढतात आणि आत जातात. त्यांना वाटतं काम झालं. एक फावडं म्हणजे दीड फूट. माझ्या मुलाची खुर्ची २५ इंच आहे आणि चाक फिरवायला दोन्ही बाजूंना कोपरं बाहेर येतात. एका गल्लीत वीस घरं साफ असली आणि एकविसावं नसलं, तर त्याच्यासाठी वीसही नाहीत. कोपऱ्यावरचा उतार बंद असेल तर अख्खी गल्ली नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याने मला विचारलं, "बाकीच्या मुलांना पण एवढे दिवस सुट्टी असते का?" त्याला खोटं सांगायची माझी तयारी नव्हती.

कृपा करून रुंदीचा आकडा बैठकीत मोठ्याने म्हणा.

---

उत्तरेकडची
बुधवार, संध्याकाळी ५:५०

मी माँट्रियालला आहे. आमच्याकडे साइडवॉक घरमालकाने साफ करायचाच नसतो, ते शहराचं काम. साइडवॉकवर मावतील अशी छोटी रणगाड्यासारखी यंत्रं असतात, शनियेत म्हणतात त्यांना. बर्फ सुरू असतानाच ती फिरू लागतात. मग रस्त्यावर पाट्या लागतात, गाड्या हलवा म्हणून भोंगा वाजतो, आणि मोठं यंत्र कडेचा बर्फ उचलून थेट ट्रकमध्ये फेकतं. ट्रक तो ठरलेल्या जागी नेऊन टाकतात. रस्ते आणि साइडवॉक मिळून १०,००० किलोमीटर. म्हणजे तुमचा तो कमरेइतका वरंबा चार-सहा दिवसांत उचललाच जातो. यासाठी कर भरावा लागतो, आणि आम्ही भरतो. पहिल्या वर्षी पुण्याहून सासूबाई आल्या होत्या. भोंगा ऐकून दचकल्या. नंतर रोज खिडकीत बसून त्या यंत्राची वाट बघायच्या.

स्वीडनमध्ये स्टॉकहोमने २०१५ च्या सुमाराला आधी साइडवॉक, सायकलवाटा आणि बसमार्गिका साफ करायचं ठरवलं, गाड्यांचे मोठे रस्ते मग. कारण चालणाऱ्यांत बायका, मुलं, म्हातारी माणसं जास्त. पुढच्याच वर्षी प्रचंड बर्फ पडला तेव्हा शहराची धांदल उडाली आणि टीका झाली. पण आधी कोण, हा प्रश्न तरी त्यांनी विचारला.

---

टोरोंटोकर
बुधवार, संध्याकाळी ६:३०

टोरोंटोतही २०२१-२२ च्या हिवाळ्यापासून जवळजवळ सगळे साइडवॉक शहर साफ करतं. त्याआधी जुन्या भागांत घरमालकांवर होतं. यंत्र येतं, पण मोठ्या वादळानंतर लगेच येतं असं नाही. इथे बऱ्याचदा शाळेच्या बस रद्द होतात आणि शाळा उघडी राहते. बसने येणाऱ्याला सुट्टी, चालत येणाऱ्याला शाळा.

---

साठीपार
बुधवार, रात्री ८:१५

सगळ्यांचं वाचलं. एक बाजू राहते आहे, ती मांडते.

मी ६८ वर्षांची. यजमान गेले तीन वर्षांपूर्वी. घर कोपऱ्यावरचं, म्हणजे दोन्ही रस्त्यांचा साइडवॉक माझ्या वाट्याला. मला हृदयात स्टेंट आहे आणि डॉक्टरांनी फावडं हातात घ्यायचं नाही म्हणून बजावलं आहे. ओला बर्फ किती जड असतो ते ज्याने उचललं त्यालाच ठाऊक. घनफुटाला वीस पौंडसुद्धा भरतो. थंडीने रक्तवाहिन्या आधीच आवळलेल्या असतात, त्यात माणूस उठल्या उठल्या जोर लावतो. दर हिवाळ्यात यातून माणसं जातात. कंत्राटदार लावला होता. तो ड्राइव्हवे, म्हणजे गाडी आत घ्यायची वाट, साफ करतो, साइडवॉकचे वेगळे पैसे मागतो, आणि खऱ्या वादळाच्या दिवशी दुपारी तीनला उगवतो. तोवर माझ्या दाराला दंडाची चिठ्ठी.

मला कोणाच्या लेकराने माझ्या घरासमोर पडायला नको आहे. रात्री झोप लागत नाही त्या विचाराने. पण नुसता दंड वाढवून बर्फ हलत नाही. माझ्यासारख्यांचं काय, तेही गुरुवारी विचारा.

---

रानजाई
बुधवार, रात्री ८:४०

काकू, विचारणार. नक्की विचारणार. आणि मी तुमच्या गावात असते तर उद्या सकाळी आले असते.

---

दादरचा_पाऊस
गुरुवार, सकाळी ९:००

मुंबईहून वाचतो आहे. आमच्याकडे बर्फ नाही, पण हा प्रश्न अगदी ओळखीचा. पावसाची सुट्टी सकाळी जाहीर होते, तेव्हा सकाळच्या शाळेची मुलं निम्म्या वाटेत असतात. २६ जुलै २००५ ला मी सातवीत होतो. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आम्ही रात्रभर शाळेत होतो. बाईंनी प्रयोगशाळेच्या टेबलांवर झोपवलं. फूटपाथ पाण्याखाली गेला की उघडं गटार कुठे ते दिसत नाही, म्हणून आम्हाला सोडलं नाही. ज्या कोणी तो निर्णय घेतला त्यांना वाट माहीत होती.

---

सांगलीचा_अभियंता
गुरुवार, दुपारी १२:४५

मी इथल्याच एका शहराच्या पब्लिक वर्क्समध्ये आहे, १४ हिवाळे काढले. कोपऱ्यावर वरंबा का होतो ते सांगतो, म्हणजे बैठकीत नेमकं बोलता येईल.

प्लाऊचं पातं उजवीकडे तिरकं असतं. बर्फ पात्यावरून घसरत उजव्या कडेला पडतो. सरळ रस्त्यावर तो कडेने पसरतो, पण कोपऱ्यावर गाडी वळते तेव्हा दोन्ही रस्त्यांचा बर्फ एकाच जागी येऊन पडतो, नेमका जिथे उतार असतो तिथे. ड्रायव्हर मुद्दाम करत नाही. तो सोळा-सोळा तास गाडीत असतो आणि त्याला सांगितलेलं काम आहे डांबर काळं दिसेपर्यंत साफ करणं. आधी हमरस्ते, मग दवाखान्यांचे आणि बसचे मार्ग, मग गल्ल्या. हाताने कोपरे मोकळे करणारी टोळी शेवटी येते, कधी तिसऱ्या दिवशी. कोपऱ्यावरच्या घरमालकाने सकाळी साफ केलेला उतार प्लाऊ दुपारी पुन्हा भरून टाकतो. साठीपार काकूंना हे माहीत असणारच.

तेव्हा मागणी अशी करा: शाळेपासून अर्ध्या मैलातले कोपरे त्या टोळीच्या यादीत सगळ्यात वर. हे जमण्यासारखं आहे. जास्त माणसं लागत नाहीत, फक्त क्रम बदलावा लागतो. शाळा उघडायचा फोन आमच्या साहेबांना येतो तेव्हा ते रस्त्यांचं सांगतात, कारण त्यांना रस्त्यांचंच विचारलेलं असतं.

घरी करण्यासारखं थोडं:

ड्राइव्हवेत उभं राहून रस्त्याकडे तोंड केलंत की बर्फ आपल्या उजव्या हाताला टाका. डाव्या हाताला रस्त्याच्या कडेचा थोडा भाग आधीच मोकळा करून ठेवा. प्लाऊ डावीकडून येतो, त्याच्या पात्यावरचा बर्फ त्या मोकळ्या जागेत पडतो आणि तुमच्या ड्राइव्हवेचं तोंड कमी बुजतं.

सगळा बर्फ थांबायची वाट बघू नका. चार-चार इंचाला एकदा काढा. उचलण्यापेक्षा ढकला.

साधं मीठ १५ फॅरनहाइटच्या खाली जवळजवळ काम करत नाही. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड घ्या, किंवा नुसती वाळू टाका. वाळूने बर्फ वितळत नाही, पण पाय धरतो. मीठ मूठभर पुरतं. पोतं ओतलं तर झाडं मरतात, कुत्र्यांचे पंजे भाजतात.

गाडी सुरू करण्याआधी मागचा धुराचा पाइप मोकळा आहे का ते आधी बघा. २०१३ च्या फेब्रुवारीत बॉस्टनला एक शाळकरी मुलगा असाच गेला. वडील बर्फ काढत होते, मुलगा ऊब घ्यायला गाडीत बसला, पाइप बर्फाने बंद होता. माझ्या घरातला नियम आहे: पाइप दिसल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही.

---

मोगरा
गुरुवार, दुपारी १:१०

पाइपचं मला माहीत नव्हतं. आत्ताच नवऱ्याला फोन करून सांगितलं.

---

रानजाई
शुक्रवार, रात्री १०:३०

बैठकीचं सांगते. प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटं होती. मी ओला मोजा आणि टोपी दोन्ही बरोबर नेली होती, पण बाहेर काढली नाहीत, गरज पडली नाही. तीन गोष्टी मागितल्या. शाळेपासून अर्ध्या मैलातले कोपरे टोळीच्या यादीत वर घ्या. शाळा उघडायची ठरवताना कोणीतरी एकाने त्या अर्ध्या मैलात पायी फिरून यावं आणि मग सांगावं. आणि ज्यांना तब्येतीमुळे जमत नाही त्यांची नावं शहराने घ्यावीत, हायस्कूलची मुलं किंवा कंत्राटी माणूस त्यांच्याकडे पाठवावा, मगच दंड लावावा. अनघाताई, ४२ इंच मी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटल्यावर समोरच्या बाईंनी लिहून घेतलं.

क्रम बदलायला हरकत नाही म्हणाले. बाकीच्यावर "विचार करू". काकू, तुमच्या मुद्द्यावर मात्र मागच्या रांगेतून तीन म्हातारी माणसं उभी राहिली, त्यांनाही तेच म्हणायचं होतं.

बाहेर आल्यावर आमच्याच गल्लीतल्या पाच घरांनी नंबर घेतले. कोपरे वाटून घेतले आहेत. पाचव्या घरातले भाडेकरू दोन कॉलेजची मुलं निघाली. त्यांना वाटत होतं ते मालकाचं काम आहे, मालकाला वाटत होतं त्यांचं. मुलांनी विचारलं, फावडं कुठे मिळेल? मी आमचं जुनं दिलं.

---

रानजाई
सोमवार, दुपारी १२:१५

काल रात्रीपासून पुन्हा ६ इंच. पहाटे ५:१० ला मेसेज आला: शाळा दोन तास उशिरा.

साडेसातला कोपऱ्यावर आम्ही सहा जण होतो, त्यात पाचव्या घरातली दोन्ही मुलं. प्लाऊ नुकताच येऊन गेला होता, म्हणून वरंबा मऊ होता अजून. पाऊण तास लागला. तिसऱ्या घरातल्या आजी थर्मासमधून कॉफी घेऊन आल्या आणि वाळूची बादली.

झाल्यावर लेकीने दप्तरातून पट्टी काढली आणि खाली बसून उताराची रुंदी मोजली. एक, दोन, तीन आणि अर्धी. साडेतीन पट्ट्या. मग म्हणाली, जरा डावीकडे कमी आहे. तिथे अजून दोन फावडी काढली, तिने परत मोजलं, आणि मग आम्ही बाबागाडी सरळ पुढे ढकलत शाळेला गेलो.